पाणी पाजलेली कुऱ्हाड

ताडपत्रीवर एकूण एकतीस वस्तू होत्या. नऊ विळे, सहा खुरपी, चार सुऱ्या, दोन कढया, एक चिमटा आणि नऊ कुऱ्हाडी. नऊपैकी पाच नुसती पाती होती, चारांना दांडे बसवलेले होते. भोपाळच्या बिट्टन मार्केटला हाटाच्या दिवशी भाजीच्या रांगा संपतात, तिथे फुटपाथवर गाडिया लोहारांचं, म्हणजे बैलगाडीतच संसार घेऊन फिरणाऱ्या लोहारांचं, एक कुटुंब दुकान मांडून बसलं होतं. मी आधी सगळं मोजलं, मग उकिडवी बसले आणि पिशवीतून सामान तोलायचा हुकाचा काटा काढला.

मला लहान कुऱ्हाड हवी होती, एका हाताने चालवता येईल अशी. तुषारदादा काठोतियाच्या जंगलाजवळ बुशक्राफ्टची शिबिरं घेतो. मोजक्या हत्यारांवर जंगलात राहायचं, सरपण आणि निवारा स्वतः करायचा, असं ते शिकवणं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला वर्ष झालं होतं, आणि फेब्रुवारीच्या शिबिरात तो मला प्रशिक्षक म्हणून घेऊन बघणार होता. त्याच्या यादीत पहिलंच नाव कुऱ्हाडीचं होतं. ऑनलाइन चांगली कुऱ्हाड माझ्या आवाक्याबाहेर होती, आणि स्वस्त होती ती रंगाने इतकी माखलेली, की खाली तडा आहे की नाही ते कळू नये.

म्हणून मी अटी लिहून आणल्या होत्या. पातं पाचशे ते सहाशे ग्रॅम. दांडा पस्तीस ते चाळीस सेंटीमीटर, लाकडाच्या रेषा लांबीला समांतर, मध्ये गाठ नको. डोळ्यासमोर धरली की धार आणि दांडा एका रेषेत दिसायला हवेत. दांडेवाल्या चारांपैकी दोघींची पाती तिरकी बसली होती, एकीच्या दांड्यात गाठ होती, चौथी नुसतीच जड. मग सुटी पाती तोलली. तिसरं पाचशे चाळीस ग्रॅम भरलं.

"लेनी तो तुझे एक ही है," घण चालवणारी बाई म्हणाली. पन्नाशीची असेल. "फिर सबको क्यों तौल रही है?"

"मिलाके देख रही हूँ."

"ब्याह भी ऐसे ही करेगी क्या?"

भात्यावर बसलेला तिचा नवरा हसला. मीही हसले, आणि त्याच्याकडून कानस मागून घेतली. धारेवर फिरवली तर ती लोखंडात चावली. म्हणजे धार मऊ होती, चार घावांत दुमडली असती. पातं पुन्हा तापवून पाण्यात विझवायला हवं होतं.

"नरम है," मी म्हटलं. "इसको पानी पिला दो."

घण थांबला.

"चढ़ाना है कि पिलाना है?"

हिंदीत धारेवर पाणी चढवतात, मराठीत आपण धारेला पाणी पाजतो. माझे बाबा टूलरूममध्ये होते, हा शब्द घरात मी लहानपणापासून ऐकलेला. भोपाळमध्ये वाढलेले आम्ही सगळे बाहेर बोलताना असंच करतो. मराठी शब्द उचलायचा, त्याला हिंदी शेपूट लावायचं, आणि बहुतेक वेळा काम भागतं.

"पिलाना," मी म्हटलं.

"सोच के बोल, बेटा. चढ़ाया तो एक बार का काम है."

"और पिलाया तो?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भात्याकडे बघत होता.

"पिलाया तो पीती है," ती म्हणाली.

कारागिराची थट्टा असेल असं मला वाटलं. मी मान डोलावली. पातं लालभडक झाल्यावर शेजारच्या बादलीत बुडवायला हवं होतं. ते तिने केलं नाही. गाडीतून पितळी लोटा आणला आणि धारेवर बारीक धारेने पाणी सोडलं. मी वाफ उठायची वाट पाहत होते. आवाजही झाला नाही, वाफही आली नाही. लोटाभर पाणी गेलं आणि पात्याखालची माती कोरडी राहिली.

वारा असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. वारा नव्हता. कानस पुन्हा फिरवली तेव्हा ती काचेवरून जावी तशी घसरली. अडतीस सेंटीमीटरचा दांडा बसवून घेऊन मी घरी आले.

घर अवधपुरीत. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो. बाबा, म्हणजे रवींद्र देवस्थळी, अख्खं आयुष्य मायक्रोमीटर हातात धरून उभे राहिलेला माणूस. गेल्या दिवाळीपासून त्यांचं हृदय कमी जोर लावत होतं आणि अंगात पाणी साठत होतं. घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी दिली होती. दिवसाला सगळं मिळून बाराशे मिलीलिटर पाणी, त्याहून थेंब जास्त नाही. रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, वजन. ते चौसष्टवर यायला हवं होतं. त्या गुरुवारी सदुसष्ट पूर्णांक तीन होतं. पुढच्या सोमवारनंतरच्या सोमवारपर्यंत पासष्टच्या खाली आलं नाही तर दवाखान्यात भरती करायचं ठरलं होतं, आणि बाबांना त्याची भीती होती. त्यांचे दोन सहकारी तिथे गेले होते ते परत आले नव्हते.

बाबांनी कुऱ्हाड हातात घेतली, नखाने पात्यावर टिचकी मारून कानाशी नेली.

"पाणी बरं पाजलंय गं. कुणी?"

"बिट्टनला एका बाईने."

"बघ शालिनी, कुऱ्हाडीलासुद्धा पाजतात लोक. मला मात्र तू झाकणाने मोजून देतेस."

"तुम्हाला धार काढायची असती तर मीही पाजलं असतं," आई आतून म्हणाली.

दांडा घट्ट बसावा म्हणून नवी कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगतं. मी काचेच्या बरणीवर पाचशे मिलीलिटरची खूण केली आणि कुऱ्हाड डोक्याच्या बाजूने आत सोडली, मग खुणेपर्यंत पाणी भरलं. सकाळी पाणी खुणेच्या बरंच खाली होतं. पुन्हा भरायला एकशे वीस मिलीलिटर लागलं.

लाकडाने एवढं प्यायलं असेल, तर कुऱ्हाड एकशे वीस ग्रॅमने जड व्हायला हवी. पुसून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आदल्या दिवशी दांड्यासकट सातशे बारा ग्रॅम होती. आता सातशे बारा.

बरणी गळत असेल म्हणून खाली वर्तमानपत्र ठेवलं. हवेत उडत असेल म्हणून शेजारी तशीच दुसरी बरणी ठेवली, तीत आईचा बत्ता. शनिवारी सकाळी बत्त्याच्या बरणीतून तीन मिलीलिटर गेलं होतं, कुऱ्हाडीच्या बरणीतून एकशे वीस. वर्तमानपत्र कोरडं. रविवारी पुन्हा एकशे वीस.

मला भीती वाटली नाही, हे खरंच सांगते. मी वहीत नवं पान काढलं.

त्या रविवारी शिबिराच्या तयारीसाठी मी काठोतियाला जाऊन तिथेच राहणार होते. कुऱ्हाड नेणार होते, पण मग मोजमापाची साखळी तुटली असती. निघण्याआधी अंगणातल्या सुबाभळीची मनगटाएवढी ओली फांदी तेवढी तोडून पाहिली. एका घावात गेली. खाली पडलेला कपचा उचलला तर तो हाताला हलका लागला. फांदीतून अजून रस झिरपत होता, आणि कपचा काडी लावताच पेटला, धूर न करता. शिबिरात ओल्या सरपणाने लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी कपच्यांचा फोटो तुषारदादाला पाठवला.

"ये कहाँ से लाई यार?" त्याचं उत्तर आलं. "माझ्यासाठी पण एक बघ."

"बाबा, संध्याकाळी सहाला बरणी खुणेपर्यंत भराल का?"

"प्रयोगशाळा सहायक म्हणून पगार किती?"

"बाराशे मिलीलिटर रोज."

"त्यात वाढ कधी?" ते म्हणाले, आणि मी बस पकडायला गेले.

सोमवारी दुपारी परतले. बरणी खुणेपर्यंत भरलेली होती. बाबा म्हणाले, काल संध्याकाळी भरली, त्यानंतर हात लावला नाही. मंगळवारीही पाणी जवळजवळ खुणेवरच होतं. दोन्ही बरण्यांमधून तीन-तीन मिलीलिटर कमी. म्हणजे कुऱ्हाडीचं पिणं थांबलं होतं. थोडं वाईटच वाटलं. लाकूड एकदाचं भरलं, असं लिहून मी पान बंद करणार होते.

तेवढ्यात आईने बाबांचं वजन लिहायला सांगितलं. पासष्ट पूर्णांक नऊ.

रविवारी सकाळी सदुसष्ट पूर्णांक तीन होतं, सोमवारी सहासष्ट पूर्णांक सहा. आईने देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी लागू पडली, उत्तम. बुधवारी पासष्ट पूर्णांक दोन. घोट्यांची हाडं बऱ्याच महिन्यांनी दिसली. बाबा चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले, येताना आईसाठी गजरा आणला. गुरुवारी चौसष्ट पूर्णांक पाच.

आम्ही खुश होतो. फक्त मला तो आलेख आवडत नव्हता. औषधाचा परिणाम आधी जास्त आणि मग कमी कमी होत जातो, रेघ वाकते. ही रेघ सरळ होती. रोज सातशे ग्रॅम, ना एक घास कमी, ना एक घोट जास्त.

शुक्रवारी त्रेसष्ट पूर्णांक आठ. चौसष्ट ओलांडलं. डॉक्टरांनी गोळी बंद केली.

शनिवारी त्रेसष्ट पूर्णांक एक.

"बाबा, तहान लागतेय का?"

"नाही गं. तेच तर. आता ही पाणी घे म्हणते, तर लागतच नाही."

त्यांच्या हाताच्या पाठीवरची कातडी मी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मी मनात पाचपर्यंत मोजलं.

मी बरणीतून कुऱ्हाड काढली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कोलार रोडवर तुषारदादाच्या घरी ठेवून आले. स्कूटरच्या मीटरवर अठरा किलोमीटर. का, असं त्याने विचारलं, तर शिबिराचं सामान एकत्र असू दे म्हटलं. अंतराचा संबंध असेल तर वजन स्थिर व्हायला हवं होतं.

रविवारी बासष्ट पूर्णांक चार.

मी बिट्टन मार्केटला गेले. फुटपाथवर राखेचं वर्तुळ होतं आणि भात्याचा एक खिळा. शेजारच्या पेरूवाल्याने सांगितलं, ते सगळे रायसेनच्या बाजूला गेले. कधी? त्याला दिवस आठवेना. "आप ही वो तौलने वाली मैडम हैं ना?" त्याने विचारलं. "वो पूछ रही थी आपको. दो दिन बैठी रही." निरोप काही ठेवला नव्हता.

सोमवारी एकसष्ट पूर्णांक सात. भरती टळली म्हणून ज्या दिवशी पेढे वाटायचे होते, त्या दिवशी डॉक्टरांनी बाबांची कोरडी जीभ दोनदा तपासली. रक्त तपासलं, लघवी तपासली. पाण्याचं बंधन काढलं, मोकळेपणी प्या म्हणाले. आम्ही दिवसभरात बाबांना दोन हजार नऊशे मिलीलिटर पाजलं. मी प्रत्येक ग्लास लिहिला, बाहेर गेलं तेही लिहिलं. बाहेर फारच थोडं गेलं होतं.

मंगळवारी एकसष्ट.

"उद्या सकाळी भरती करा, सलाइन लावू," डॉक्टर म्हणाले.

बाबा पलंगावर बसून होते. गालाचं हाड वर आलं होतं. मला म्हणाले, "मधुरा, तू मला तिथे पाठवू नकोस. हे काय आहे ते तू शोध." कारखान्यातल्या बिघडलेल्या यंत्राविषयी बोलावं तसं म्हणाले.

मी वही उघडून त्यांच्यासमोर बसले. रविवारच्या संध्याकाळपर्यंत बरणीतलं पाणी कमी होत होतं. त्यानंतर बाबांमधलं. मधल्या काळात बदललेली गोष्ट एकच होती, पाणी कुणी ओतलं ती. आणि मी रोज मोजपात्रातून ओतत होते.

"बाबा, त्या दिवशी बरणी कशी भरलीत? नीट आठवा. एकेक कृती."

"कशी म्हणजे? खुणेला थोडंसंच कमी होतं. आत कोण जातंय म्हणून हातातलाच ग्लास ओतला. अर्धा होता."

"तुमच्या हातातला?"

"माझ्या कोट्यातलं दिलं तिला. म्हटलं, घे, तूही माझ्यासारखीच."

आई कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "उष्टं ओतलंत ना? मी म्हटलं होतं तेव्हाच. उष्टं कुणाला पाजतात का?"

मी पेन खाली ठेवलं.

हे पुढचं मी वहीत लिहिलेलं नाही. निष्कर्ष काढायला एक नोंद पुरत नाही, हे मी शिकले आहे. पण दुसरी नोंद घ्यायला वेळ नव्हता. दुपारी कोलार रोडला गेले. तुषारदादा घरी होता.

"मी उघडली नाही गं," तो म्हणाला. "पण एक सांगू का? तू ठेवलीस त्या कोपऱ्यात भिंतीला ओल होती, पाच वर्षांची. बघ."

भिंत कोरडी होती. रंगाचे पोपडे सुटून खाली पडले होते.

"पाणी दे," मी म्हटलं.

त्याने ग्लास भरून आणला. दोनशे मिलीलिटरचा असावा. मी अर्धा प्यायले. मग कुऱ्हाड वर्तमानपत्रातून काढली, गॅलरीत नेली, आडवी धरली. उरलेलं पाणी धारेवर सोडलं.

फरशीवर काही पडलं नाही.

"काय करतेयस तू?" तुषारदादाने दारातून विचारलं.

"पाजतेय."

तो पुढे आला नाही.

सव्वा पाचला आईचा फोन आला. आवाज चढलेला होता. मी कठडा धरला.

"अगं, हे उठून स्वयंपाकघरात आलेत. माठाला तोंड लावायला निघाले होते. तहान लागलीय म्हणतात. किती देऊ?"

"मागतील तितकं दे."

मागून बाबांचा आवाज ऐकू आला, "आधी दे, मग विचार."

मी कुऱ्हाड घेऊन घरी गेले. तुषारदादा नको म्हणाला नाही. शिबिर तेरा तारखेचं आहे आणि ओली लाकडं तिथे पुष्कळ आहेत.

बुधवारी सकाळी बाबा एकसष्ट पूर्णांक नऊ. डॉक्टरांनी भरती पुढे ढकलली. कातडी चिमटीतून सोडली की लगेच बसत होती.

वजनकाटा बाजूला उचलून ठेवायच्या आधी मीही एकदा त्यावर उभी राहिले. वहीच्या उजवीकडे आणखी एक रकाना आखला. त्या दिवशी साडेतीन लिटर पाणी प्यायले, दर तासाला, घड्याळ लावून.

गुरुवार, सकाळी सहा.

बाबा: बासष्ट पूर्णांक सहा.

मी: काल बावन्न पूर्णांक एक. आज एक्कावन्न पूर्णांक चार.